चुरगळलेले कोट

चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी लागतात. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन, मग एक झटका, थोडा ताण, आणि पुढे चालत येऊन टोकाला टोक. आमच्या लाँड्रीत माझ्या समोरची दोन टोकं कायम कडकमावशीच्या हातात असायची. त्यामुळे तिचा चेहरा मी आरशातल्या माझ्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाहिलाय.

लाँड्री म्हणजे एका मोठ्या हॉस्पिटलचं तळघर. वर डॉक्टर, पेशंट आणि औषधांचा वास. खाली आम्ही बायका, साबण आणि वाफ. सगळ्या वॉर्डांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, डॉक्टरांचे पांढरे कोट मालाच्या लिफ्टनं खाली यायचे आणि स्वच्छ होऊन वर जायचे. मधोमध रोलरची मोठी इस्त्री. दिवसभर गरम श्वास सोडत उभी असते म्हणून तिचं नाव म्हैस.

मावशीला ‘कडक’ हे नाव पडलं ते एक तर कोटांना खळ घालायचं काम तिच्याकडे होतं म्हणून, आणि दुसरं तिच्या जिभेमुळे. नाकावर माशी बसू द्यायची नाही. एका उन्हाळ्यात आमचा पंखा बंद पडला. सुपरवायझर रोज “बघतो, बघतो” म्हणायचा. शेवटी मावशीनं म्हशीचं बटण बंद केलं, आम्हा सगळ्यांना घेऊन त्याच्या केबिनमध्ये शिरली आणि त्याच्या पंख्याखाली उभी राहिली. म्हणाली, “साहेब, तुम्ही बघत राहा. तोवर आम्ही इथेच वारा घेतो.” संध्याकाळच्या आत आमचा पंखा फिरायला लागला.

अशी बाई आजारी पडेल असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. तिच्या तर मुळीच नाही. डोकं मात्र तिचं पूर्वीपासून दुखायचं. आधी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, कडेनं नागमोडी रेघा हलायच्या, मग अर्धं डोकं ठणकायला लागायचं. ती कपाळाला ओला अभ्रा घट्ट बांधायची आणि कामाला लागायची. पन्नाशीनंतर डोकेदुखीची तऱ्हा बदलली. सकाळी उठल्यापासून मानेत जडपणा, जिना चढताना कानात घणघण. मी मागेच लागले तेव्हा एकदाची वर ओपीडीत गेली.

तिथल्या तरुण डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, “काय होतंय?” तिनं सांगितलं.

“वयाप्रमाणे होतं असं बायकांना. टेन्शन घेत जाऊ नका.”

“टेन्शन मी घेत नाही, देते,” मावशी म्हणाली.

तो हसलाही नाही. दुखणं थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. बीपी मोजायची पट्टी त्याच्या टेबलावरच पडलेली होती, पण ती मावशीच्या दंडापर्यंत काही पोचली नाही. खाली आल्यावर मावशीनं जाहीर करून टाकलं, “पुन्हा त्याच्या दारात पाय ठेवणार नाही. मला काय धाड भरलीय?” आणि तिनं एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी हो होत नसे.

त्यानंतर काही महिन्यांनी ते घडलं. जेवणाची घंटा नुकतीच झाली होती. हातातली चादर संपवून जेवायला बसू म्हणून आम्ही शेवटची घडी घालत होतो. मी झटका दिला आणि समोरचं एक टोक सुटलं. मावशीनं चादरीलाच शिवी दिली. खाली वाकून टोक उचललं, ते पुन्हा सुटलं. डाव्या हाताकडे ती असं बघायला लागली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा हात आहे.

“झोपलाय मेला,” ती म्हणाली. पण शब्द सरळ आले नाहीत, तोंडात घास असल्यासारखे आले. मी नीट पाहिलं. रोज पाहते तो चेहरा मला ओळखू येईना. डावी बाजू खाली घसरली होती.

“मावशी, तुझं तोंड वाकडं झालंय.”

“तुझंच वाकडं असेल,” ती म्हणाली आणि पाय दुमडून चादरीच्या ढिगावर बसली.

आमच्यात एक धुरांडं आहे. वयानं तिशीची, दोन मुलांची आई, सिगारेट ओढते म्हणून सगळ्या तिला धुरांडं म्हणतात आणि तीही त्या हाकेला ओ देते. ती धावत आली. आम्ही दोघींनी मावशीला उचललं, कपड्यांच्या रिकाम्या गाड्यात घातलं आणि मालाच्या लिफ्टनं वर नेलं. मावशी गाड्यातून बडबडत होती, “उतरवा मला, मी काय मळके कपडे आहे?”

इमर्जन्सीच्या दारात वॉर्डबॉय आडवा आला. “गाडा इकडून न्यायचा नाही. लाँड्रीचा रस्ता मागून.”

“यात लाँड्री नाही, माणूस आहे,” धुरांडं ओरडलं. त्याला कळेपर्यंत गाडा आत गेलाही होता.

आत आणखी एक तरुण डॉक्टर. त्यानं मावशीकडे पाहिलं, आमच्या घामेजलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. “उकाड्यात काम करता ना? चक्कर आली असेल. घाबरल्या आहेत त्या. पाणी द्या, पडून राहू दे.”

मावशीनं गाड्याची कड उजव्या हातानं पकडली आणि वाकड्या तोंडानं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “घाबरलेली नाही म्हणावं त्याला.”

तो आवाज ऐकून पलीकडची वयस्कर सिस्टर आली. तिनं पाणी बाजूला सारलं. “पाणी नको, गिळता येतंय की नाही कोण जाणे.” मावशीसमोर उभी राहून म्हणाली, “बाई, हसून दाखवा.” मावशी रागातच हसली, अर्धंच हसू उमटलं. “दोन्ही हात पुढे धरा.” डावा हात हळूहळू खाली आला. सिस्टर माझ्याकडे वळली. “कधी सुरू झालं? नक्की सांगा, फार महत्त्वाचं आहे.”

“जेवणाची घंटा झाली तेव्हा. त्याआधी चांगली शिव्या देत होती.”

“मग वेळ आहे आपल्याकडे,” सिस्टर म्हणाली, आणि त्यानंतर सगळे पळायलाच लागले. डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली होती. ती विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, उशीर झाला की त्याचा उपयोग नसतो. मावशीला ते वेळेत मिळालं. घरी पडून राहिली असती, “झोपून उठले की बरं वाटेल” म्हणाली असती, तर मिळालं नसतं.

जीव वाचला. डावा हात मात्र परत आला तो पाहुण्यासारखा, कधी आहे, कधी नाही. पाय ओढत चालावं लागे. जीभ हळूहळू सुधारली, आणि ती सुधारल्याबरोबर सगळ्यांना कळलं की बाई जिवंत आहे.

मावशीचा नवरा, आम्ही त्यांना काका म्हणतो, बसडेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. गरीब माणूस. वॉर्डात तिच्या उशाशी बसून तिचं जेवण बारीक करून द्यायला लागला. “मी काय तान्हं बाळ आहे?” म्हणून तिनं चमचा भिरकावला आणि पुढच्याच क्षणी हुंदके देऊन रडायला लागली. मेंदूला मार बसला की असं रडू येतं, मनात काही नसतानाही येतं, असं सिस्टरनं सांगितलं. मावशीला त्या रडण्याची सगळ्यात जास्त चीड होती. “हात गेला तर गेला,” मला म्हणाली, “पण हे डोळे परवानगी न घेता गळतात, हे काही मला चालायचं नाही.”

घरी जायच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. मी तिथेच होते. मावशीची लेकही होती, शाळेत शिकवते ती. तिला तेव्हा पाचवा महिना लागला होता. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. बीपी बऱ्याच वर्षांपासून जास्त असणार, असं म्हणाल्या. मग लेकीच्या पोटाकडे बघून त्यांनी मावशीला विचारलं, “हिच्या वेळी तुम्हाला काही त्रास झाला होता?”

“झाला होता की. पाय हत्तीचे झाले होते, तोंड सुजलं होतं, शेवटी बीपी इतकं चढलं की फिट आली. पण बाळंतपण झालं आणि सगळं गेलं.”

“त्या वेळी गेलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण गरोदरपणात ज्या बाईचं बीपी वाढतं, तिला पुढे आयुष्यभर बीपीचा आणि अशा झटक्याचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. दर वर्षी मोजायला हवं होतं. तुमची ती काजव्यांची अर्धशिशी, तीही धोका वाढवते.”

मावशीनं उजव्या हातानं डावा हात मांडीवर ओढून घेतला. 

“हिचं वय किती आहे माहीत आहे?” लेकीकडे बोट करून तिनं विचारलं. “हिच्या जन्मापासून आजपर्यंत मी कितीदा डॉक्टरांकडे गेले असेन. आणि या हॉस्पिटलच्या पोटातच तर राहते मी. कुणी एकानं तरी सांगायचं होतं.”

“सांगायला हवं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चूक आमचीच आहे.”

“आणि मी त्या पोरावर रुसून बसले, पुन्हा वर आले नाही, ती माझी,” मावशी म्हणाली. “पण तुमची मोठी.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. “मोठी आमचीच.”

घरी नणंद येऊन बसली होती. तिनं मावशीसाठी खिडकीजवळ खाट टाकली, मऊ गादी घातली आणि म्हणाली, “वहिनी, खूप केलंस. आता निवांत पडून राहा.” नणंद प्रेमानंच म्हणाली, पण मावशीला ती खाट तिरडीसारखी दिसली. तिनं गादी काकांना दिली आणि स्वतः खुर्चीत बसली. काकांनी डेपोतला जुना पट्टा आणि कप्पी आणून दाराच्या चौकटीला अडकवली. उजव्या हातानं एक टोक ओढलं की डावा हात वर जायचा. सकाळ-संध्याकाळ ती दारात उभी राहून दात-ओठ खात तो हात वर खेचायची. येणारा-जाणारा थबकायचा. “काय बघता?” ती विचारायची. “घंटा वाजवतेय. प्रसाद नाही मिळणार.”

गोळ्यांना मात्र तिनं कधी नाही म्हटलं नाही. काका सांगायचे, गोळी ती अशी गिळते जणू शत्रूलाच गिळतेय.

पाऊल जरा सरळ पडायला लागल्यावर एका सकाळी ती काठी टेकत लाँड्रीच्या उतारावरून खाली आली. आम्ही म्हैस थांबवून धावलो. तिनं सगळ्यांना हातानंच बाजूला केलं आणि सरळ सुपरवायझरची केबिन गाठली. दार उघडंच होतं, आम्ही बाहेरून सगळं ऐकलं.

“मावशी, तुम्ही आराम करा हो,” तो म्हणाला. “एका हातानं इथे काय करणार?”

“टेबलावर पसरून अभ्र्यांच्या घड्या करीन, कोटांना खळ घालीन. ते आपण नंतर बोलू. आधी दुसरं काम आहे. खालच्या प्रत्येक बाईचं बीपी मोजायचं.”

“ते माझ्या हातात नाही. तुम्ही हॉस्पिटलच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहात. हॉस्पिटल फक्त त्यांच्या माणसांचं बघतं.”

“मग माझ्या डोक्यातली गुठळी कुणाची होती? हॉस्पिटलची की ठेकेदाराची?”

“नियम आहे, मावशी.”

“मशीन वर, सिस्टर वर, आम्ही खाली. मधे फक्त एक लिफ्ट आहे, साहेब. तीही आमचीच.”

तो फोन उचलून दुसऱ्याच कुणाशी बोलायला लागला. म्हणजे विषय संपला.

जेवताना धुरांडं पेटलं. “चादरी अडवू या. एक दिवस वर चादर गेली नाही की येतील नाक मुठीत धरून.”

मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की तिचा घास हातातच राहिला. “चादरीवर आजारी माणूस झोपतो. त्याचं काय चुकलं? चादर अडवायची नाही, अभ्रा अडवायचा नाही, ऑपरेशनच्या कपड्याला तर हात लावायचा नाही.” मग म्हणाली, “पण कोटात कोण असतं गं?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग जे हसू फुटलं ते आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून मावशी अभ्र्यांच्या टेबलाशी येऊन बसायला लागली, आणि डॉक्टरांचे कोट नेहमीसारखेच, किंबहुना जास्तच स्वच्छ धुतले गेले. डाग औषधालाही सापडला नसता. फक्त त्यांना खळ नाही आणि इस्त्री नाही. पिळायचे, वाळवायचे आणि गोळा करून वर पाठवायचे. हॉस्पिटलभर डॉक्टर असे फिरायला लागले, जणू त्यांना गाईनं चघळून टाकलंय. कॉलर एकीकडे, खिसा दुसरीकडे. एका पेशंटनं म्हणे राउंडच्या वेळी विचारलं, “डॉक्टर, बेड मिळाला नाही का रात्री?” वॉर्डातल्या आया ही बातमी लिफ्टनं रोज खाली पाठवायच्या.

सुपरवायझर लालबुंद होऊन आला. “एकेकीला कामावरून काढीन.”

“काढा,” मावशी म्हणाली. “कोटांची इस्त्री तिकडे आहे. गरम आहे, जपून.”

आणि त्यानं खरंच हातात घेतली. पहिल्याच कोटाच्या पाठीवर त्यानं इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटवला. तो कोट नेमका कुणाचा निघावा? हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांचा.

मुख्य डॉक्टर स्वतः खाली आले. एवढ्या वर्षांत ते तळघरात कधी आले नव्हते. लिफ्टचं दार उघडलं तसा वाफेचा लोट अंगावर आला, त्यांचा चष्मा धुरकटला. तो पुसत ते उभे राहिले. अंगातला कोट चुरगळलेलाच होता. आम्ही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. घरी पोरं आहेत, हातातलं काम गेलं तर दुसरं लगेच मिळत नाही. पण मावशी काठी टेकून पुढे झाली तशा आम्हीही एक-एक पाऊल पुढे सरकलो.

“हे काय चाललंय?” त्यांनी विचारलं.

“कोट स्वच्छ आहे का, डॉक्टर?” मावशी म्हणाली.

“स्वच्छ आहे, पण...”

“आतला माणूस ठीक आहे, बाहेरून थोडा चुरगळलाय, एवढंच ना? आमचं उलटं आहे. बाहेरून आम्ही ठीक दिसतो. आत काय आहे ते तुमच्या इमारतीतल्या कुणी आजवर बघितलेलं नाही. माझं बघितलं, पण झटका आल्यावर.” तिनं डावा हात उजव्या हातानं उचलून त्यांना दाखवला. “आमच्या दंडाला पट्टी बांधा. एवढंच मागणं आहे.”

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवून तो हात पाहिला. मग म्हणाले, “बरं. एकदा सगळ्यांचं मोजून देऊ.”

“एकदा?” मावशी म्हणाली. “चादरी काय आम्ही एकदाच धुतो?”

मुख्य डॉक्टर हसले नाहीत, चिडलेही नाहीत. “दर महिन्याला,” म्हणाले, आणि सुपरवायझरला घेऊन वर गेले. त्या दुपारी मावशीनं त्यांचा दुसरा कोट स्वतः एका हातानं इस्त्री केला, इतका कडक की उभा करून ठेवला असता तर उभा राहिला असता.

आठवड्याच्या आत सिस्टर बीपीचं आणि साखरेचं मशीन घेऊन खाली आली, तीच इमर्जन्सीवाली. अभ्र्यांच्या टेबलावर तिनं दुकान मांडलं. धुण्याच्या मशीनवरच्या दोघींचं बीपी जास्त निघालं. एकीची साखर वाढलेली, तिला पत्ताच नाही. एकीच्या नाडीचा ताल चुकत होता; तिला वरच्या मजल्यावर पाठवलं, हृदय तपासायला. धुरांड्याला सिस्टरनं बराच वेळ प्रश्न विचारले. गर्भ राहू नये म्हणून ती गोळ्या घेत होती, सिगारेट तर होतीच, आणि डोळ्यांपुढे काजवे येऊन अर्धं डोकं दुखायचं.

“या तिन्ही गोष्टी एका अंगात नांदता कामा नयेत,” सिस्टर म्हणाली. “गोळ्या तुझ्या मनानं बंद करू नकोस, उद्याच डॉक्टरीणबाईंकडे ये, दुसरा उपाय आहे. आणि ही सिगारेट...”

“सोडली तर माझं नाव काय ठेवणार?” धुरांडं म्हणालं. हसायला गेली, पण तिचे डोळे मावशीच्या हातावर खिळले होते.

माझी पाळी आली. मी म्हटलं, मला काहीच होत नाही, डोकंसुद्धा दुखत नाही. सिस्टरनं आकडा पाहिला, पट्टी दुसऱ्या दंडाला बांधली, पुन्हा पाहिला.

“खरंच मला काही होत नाही हो,” मी म्हटलं.

“म्हणून तर मोजायचं असतं,” ती म्हणाली. तेव्हापासून माझीही रोजची गोळी सुरू आहे.

मावशीच्या लेकीचं बीपी सातव्या महिन्यात चढायला लागलं. पण या खेपेला कुणी गाफील नव्हतं. तिला वेळेवर भरती केलं, औषधं दिली, बाळ थोडं आधी आलं, पण रडत आलं. घरी सोडताना लेकीनंच डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आता यापुढे मी कधी-कधी मोजायचं ते सांगा.” मावशी बाजूला उभी होती.  तिचे डोळे गळले, आणि या वेळी तिनं ते पुसलेही नाहीत.

तिचा डावा हात पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही असं डॉक्टर म्हणतात. ती म्हणते, डॉक्टर बरंच काही म्हणतात. माझ्यासमोर आता चादरीला धुरांडं असतं, दोन टोकं धरून, सिगारेटऐवजी चघळायच्या गोळ्या तोंडात टाकून चिडचिड करत. सिगारेट दोनदा सुटली, दोनदा लागली, आता तिसऱ्यांदा सुटलीय. महिन्याची तपासणी मधे एकदा चुकली, “सिस्टरला वेळ नाही” म्हणे. मावशी काठी घेऊन वर गेली आणि सिस्टरला घेऊनच खाली आली.

गेल्या महिन्यात एक नवीन बाई कामावर लागली. पहिल्याच दिवशी नेमकी तपासणी होती. ती हात अंगाशी धरून मागे सरकली. “मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. उगाच कुणाच्या सांगण्यावरून मी दंड पुढे करणार नाही, मला असली जबरदस्ती आवडत नाही.” आवाज चांगला खणखणीत होता. सगळ्या मावशीकडे बघायला लागल्या.

मावशीला तर ती बाई बघताक्षणी आवडली होती, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. खुर्ची ओढून ती तिच्यासमोर बसली.

“भांडायचं असेल तर भांड की माझ्याशी,” म्हणाली. “मला दिवसभर वेळ आहे. पण आधी बाही वर कर.”

ती भांडली, चांगली जेवणाची सुट्टी संपेपर्यंत. पण बाही वर करून.